ओलंच घासलं

फोरमन निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. बसगाड्यांच्या कारखान्यात, रंगखात्यात, एकतीस वर्षं काढलेला माणूस. शेवटची बारा वर्षं तर सगळं खातं त्यांच्याच हाताखाली होतं. जुनी बस आली की तिचा रंग पार पत्र्यापर्यंत उतरवायचा आणि नव्याने रंगाचे हात चढवायचे, हे काम. असल्या कामाची सवय लागलेला माणूस घरी स्वस्थ बसेल, ही अपेक्षाच चुकीची. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी घरातले सगळे नळ, सगळ्या कड्या, शेजाऱ्यांची शिडी आणि एक न बिघडलेलं घड्याळ दुरुस्त केलं. घड्याळ त्यानंतर चाललं नाही.

त्यामुळे सूनबाई एक दिवस म्हणाली, "बाबा, दारांचे पोपडे निघायला लागलेत. मुंगी ते उचलून तोंडात घालते. एखादा रंगारी बघता का?" तेव्हा फोरमन चांगलेच दुखावले.

"रंगारी कशाला? मी काय मेलोय का?"

मुंगी म्हणजे त्यांची नात, दीड वर्षाची. खरं नाव वेगळं होतं, पण ती दिवसभर जमिनीवर असायची आणि जमिनीवर जे सापडेल ते उचलून एक तर कोपऱ्यात नेऊन साठवायची, नाही तर खायची, म्हणून फोरमननीच हे नाव ठेवलं होतं. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात जे काही हसू आलं ते या पोरीबरोबर आलं. तिला तीन शब्द येत होते. आई, नको, आणि आजोबांसाठी 'आबू'. त्या तिसऱ्या शब्दावर फोरमन दिवसभर तरंगत असत.

ठरलं असं की सूनबाईने मुंगीला घेऊन नऊ दिवस माहेरी जायचं आणि फोरमननी तेवढ्यात चार दारं आणि पाच खिडक्या नव्या करायच्या. मुलाचं ऑफिस सासुरवाडीहून जवळ होतं, म्हणून तोही तिकडेच राहिला. घर रिकामं झालं. फोरमननी सामानावर प्लॅस्टिक टाकलं, फटीफटीला चिकटपट्टी लावली आणि ते बाह्या वर करून कामाला लागले.

पहिल्या दिवशी सगळं रीतसर झालं. बादलीभर पाणी, स्क्रेपर, ओल्याने घासायचा वॉटर पेपर. स्वयंपाकघराच्या दाराची वरची फळी त्यांनी हाताने, ओली ठेवून घासली. वरचा पांढरा गेला, खालून फिकट हिरवा आला, मग निळा, मग चॉकलेटी, आणि सगळ्यांत खाली, लाकडाला धरून बसलेला, एक गडद पिवळा. तो पिवळा त्यांनी पाहताक्षणी ओळखला. कारखान्यात येणाऱ्या जुन्या गाड्यांवर हाच असायचा. त्यात शिसं असायचं.

त्या पिवळ्यापायी कारखान्यात किती नियम होते. कोरडं घासायचं नाही, पाणी मारून घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्यायचं. आणि सुटीची घंटा झाली की फाटकापाशी प्रत्येकाने दोन्ही हात पुढे करायचे, आधी पालथे, मग उताणे. फोरमन चष्मा लावून हात बघत. नखात रंग दिसला की माणूस परत नळावर. एकाचं त्याच संध्याकाळी लग्न होतं, तर त्यालाही यांनी तीनदा परत पाठवलं होतं. "शिसं आपल्या पायांनी घरी जात नाही," ते पोरांना सांगायचे. "तुम्ही नेता."

हे सगळं इथेच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

तर पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक फळी झाली. एकच. फोरमनचा खांदा भरून आला आणि बोटं वळेनात. या वेगाने दीड महिना लागला असता. आता एखाद्याने मुलाला फोन करून सांगितलं असतं, की बाबा रे, वय झालं, माणूस लाव. फोरमननी कपाटावरून खोकं खाली काढलं. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या पोरांनी सगळ्यांनी मिळून दिलेलं विजेचं घासायचं मशीन त्यात होतं, नवं कोरं, दोन वर्षं न उघडलेलं.

विजेच्या मशीनखाली पाणी चालत नाही. तेव्हा फोरमननी डोकं चालवलं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणला, त्याची नळी मशीनच्या धूळ टाकणाऱ्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घट्ट बसवली, आणि दोन्ही बटणं दाबली. रंग निघाला की धूळ तिथल्या तिथे नळीत. जमिनीवर कण दिसेना. आपल्याच युक्तीवर ते इतके खूश झाले की दुपारचं जेवण विसरले.

एकच त्रास होता. दर दहा मिनिटांनी व्हॅक्यूम गुदमरायचा. आत पिशवीच्या मागे घड्या घातलेल्या कागदाचा तळहाताएवढा फिल्टर होता, तो बारीक धुळीने भरायचा. मशीन थांबवा, फिल्टर काढा, ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, पुन्हा बसवा. दोन दिवस त्यांनी हे केलं. चौथ्या दिवशी सकाळी, अजून तीन दारं बाकी असताना, त्यांनी फिल्टर काढला आणि खिळ्यांच्या डब्यात ठेवून दिला. पिशवी आहे की, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग व्हॅक्यूम अजिबात गुदमरला नाही. त्याच्या मागच्या जाळीतून निघणारा कोमट वारा दिवसभर त्यांच्या पोटऱ्यांना लागत होता. त्या वाऱ्यात काय असेल हे त्यांना कळलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्यांनी त्याचा विचार केला नाही, एवढंच.

नवव्या दिवशी घर नवं झालं होतं. प्लॅस्टिक गुंडाळून बाहेर गेलं, जमीन ओल्या फडक्याने तीनदा पुसली, व्हॅक्यूमची पिशवी बदलली, घासायचं मशीन पुसून खोक्यात आणि खोकं कपाटावर. फिल्टर डब्यातच राहिला.

मंडळी परतली. सूनबाईने दारावरून हात फिरवला. "बाबा, आरशासारखं झालंय. एवढं सगळं हाताने केलंत?"

"हात बसलेला आहे," फोरमन म्हणाले. तेव्हा त्यात काही वाईट नव्हतं. म्हाताऱ्या माणसाने थोडा भाव खाल्ला, बस.

मुलीला पोहोचवायला विहीणबाई आल्या होत्या. शिवणकाम करून एकटीने मुलगी वाढवलेली बाई, बोलायला तिखट आणि मनाने सरळ. नातीसाठी त्यांनी आपल्या गल्लीतल्या सुताराकडून चाकांचा लाकडी घोडा करून आणला होता. लाल अंग, निळी आयाळ, गळ्यात दोरी. फोरमननी तो उलटा करून बघितला, नखाने पोटाशी टकटक केलं.

"घाईत उरकलंय, विहीणबाई. एकच हात मारलाय रंगाचा."

"नातीला खेळायचंय, व्याहीबुवा. त्यात बसून गावाला नाही जायचं."

सगळे हसले. मुंगीने दोरी धरली ती सोडलीच नाही. तिला चौथा शब्द आला, 'घोया'. घोडा तिच्याबरोबर जेवायला बसे आणि झोपताना उशाशी असे. तिचा आणखी एक खेळ होता. आई रोज सकाळी तिच्या खोलीत व्हॅक्यूम फिरवायची, तेव्हा मुंगी घोड्याला घेऊन मशीनच्या मागे जाऊन बसायची आणि जाळीतून येणाऱ्या कोमट वाऱ्यात तोंड धरून खिदळायची. दोघांचे केस उडायचे, तिचे खरे आणि त्याचे लाकडी. फोरमन दारात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "बघा, बघा, स्वारी निघाली."

तीन महिन्यांनी मुंगी जेवेनाशी झाली. पोट धरून रडायची, मग रडायचीही थांबली आणि नुसती पडून राहायला लागली. दात येत असतील असं आधी सगळ्यांनी म्हणून घेतलं. मग एक दिवस सूनबाईच्या लक्षात आलं, की पोरीने आठवडाभरात 'आबू' म्हटलेलं नाही. 'घोया'ही नाही. घोडा समोर धरला तर हात पुढे करायची, पण शब्द कुठे गेला होता कोण जाणे.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सगळ्यांना बोलावून घेतलं. सूनबाईच्या मांडीवर मुंगी, शेजारी मुलगा, भिंतीला टेकून फोरमन.

"रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "असायलाच नको खरं तर. हिचं एकोणीस आलंय, पाचच्या वर गेलं की आम्ही काळजी करतो. ते कुठून येतंय ते शोधायला हवं. घरात अलीकडे जुना रंग काढलाय का कुणी?"

फोरमन भिंतीपासून सरळ झाले. पण सूनबाई आधी बोलली.

"दारं केली, पण तेव्हा आम्ही घरात नव्हतो. आणि ती बाबांनी केलीत. त्यांनी जन्मभर हेच काम केलंय. शिशाचं काय करायचं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल." ती हे अभिमानाने म्हणाली, आणि बोलताना तिने त्यांच्याकडे वळून बघितलं.

डॉक्टरीणबाईंनीही बघितलं. "ओलं घासलंत ना? कोरडं मशीन नाही ना लावलं?"

"ओलंच घासलं," फोरमन म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दाराची वरची फळी ओली घासली होती. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे तीच फळी आली, बाकीच्या दारांचं नावही आलं नाही. पुढे त्यांनी स्वतःला कितीदा तरी विचारलं की तेव्हा आपण खोटं का बोललो. लाज वाटली म्हणून, हे एक उत्तर होतं. सूनबाईने तसं वळून बघितलं म्हणून, हे दुसरं. दोन्ही खरी होती आणि दोन्हींनी काही भागत नव्हतं.

"मग खेळणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "रंगवलेलं काही? घरगुती रंगाचं?"

सूनबाईचा चेहरा उतरला. "एक घोडा आहे. आईने करून आणलेला. ती तो चाटते, चावते."

आणि तेव्हा, कुणी काही विचारलेलं नसताना, फोरमनच्या तोंडून निघालं, "त्याचा रंग मला पहिल्यापासून बरा वाटला नव्हता."

घोडा त्याच दिवशी घराबाहेर गेला. न्यायला फोरमनच गेले. पिशवीत घालून, मुंगी खिडकीत उभी असताना, ते कोपऱ्यावरच्या कचरागाडीपर्यंत चालत गेले आणि गाडीतल्या माणसाच्या हातात पिशवी देऊन परत आले. मुंगी खिडकीतच उभी होती. तिने त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

सूनबाईने आईला फोन केला. काय बोलणं झालं ते फोरमननी ऐकलं नाही, पण नंतर ती बराच वेळ स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. दर आठवड्याला येणाऱ्या विहीणबाई त्या आठवड्यात आल्या नाहीत. पुढच्याही नाही.

डॉक्टरीणबाईंनी घर स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं, म्हणून सूनबाई आता दिवसातून दोनदा व्हॅक्यूम फिरवायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी फोरमन मुंगीच्या खोलीवरून जात होते. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. सूनबाई गालिच्यावर नळी फिरवत होती, मुंगी नेहमीप्रमाणे मशीनच्या मागे बसली होती, आणि तिच्या तोंडावर मागच्या जाळीतून बारीक, अगदी बारीक धूळ उडत होती. उन्हाच्या पट्ट्यात ती तेवढी दिसत होती. पट्ट्याबाहेर काहीच नव्हतं, स्वच्छ हवा.

फोरमन आपल्या खोलीत गेले आणि खिळ्यांचा डबा उघडला. फिल्टर तिथेच होता. घड्याघड्यांत पिवळं भरलेलं.

ते पलंगावर बसले, डबा मांडीवर. घोड्याबद्दल बोलताना त्यांना खात्री नव्हती, निदान तशी समजूत घालून घेता येत होती. आता तीही सोय राहिली नाही. तीन महिने, रोज सकाळी, त्या पोरीच्या आईने स्वतःच्या हाताने तिच्या तोंडावर ते विष उडवलं होतं, कारण घर स्वच्छ राहावं असं तिला वाटत होतं. आणि आपण दारात उभं राहून 'स्वारी निघाली' म्हणत होतो.

उठायचं, बाहेर जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. पंधरा पावलं. पण फोरमननी काय केलं, तर घरात कुणी नसताना नवा फिल्टर आणून बसवला, पिशवी बदलली, मशीन बाहेरून पुसलं. मग रोज दुपारी, गुडघे टेकून, बादली आणि फडकं घेऊन सगळं घर पुसायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणायचे, व्यायाम होतो. आपण न सांगता निस्तरू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. कारखान्यात एखाद्या पोराने असं केलं असतं तर त्यांनी त्याला उभा सोलला असता.

"बाबा, तुम्ही किती करता हो तिच्यासाठी," सूनबाई एकदा जेवताना म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि ते पाणी प्याले.

सव्वा महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. सव्वीस.

"वाढलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे जे काही आहे ते अजून घरातच आहे. घोडा नव्हता, किंवा नुसता घोडा नव्हता. पुन्हा वाढलं तर दाखल करावं लागेल. आणि हे बघा, शिसं मेंदूवर जातं. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगू शकत नाही. लवकर शोधा."

घरी येऊन सूनबाईने मुंगीच्या कपाटातून आईने शिवलेली दुलई काढली, आईने शिवलेले झबले काढले, आईने दिलेली तेलाची बाटली काढली, आणि सगळं दारापाशी ढिगाने टाकलं. मग रोजच्यासारखा व्हॅक्यूम लावला. फोरमन बघत राहिले. नवा फिल्टर आहे, ते स्वतःला सांगत होते. पण नळी तीच होती. आतलं सगळं तेच होतं. गालिचा, गादी, सोफ्याच्या शिवणी, सगळीकडे तीन महिन्यांचं साठलेलं होतं आणि ते त्यांच्या फडक्याने निघणारं नव्हतं. जोवर घरातल्यांना माहीत नव्हतं तोवर पोर त्याच गादीवर झोपणार होती. त्यांची गुपचूप सफाई मुंगीसाठी नव्हती, स्वतःला वाचवण्यासाठी होती. हे त्यांना अगदी लख्ख कळलं, आणि तरीही तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. सकाळी दहाच्या सुमाराला विहीणबाई आल्या. न कळवता. सव्वा महिन्यात त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या. आत येताना दारापाशी त्यांनी तो ढीग बघितला. वरच त्यांची दुलई होती. मग त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, आणि मुंगी अडखळत त्यांच्याकडे यायला लागली तर त्यांनी स्वतःचे हात पाठीमागे घेतले.

"हात लावत नाही," त्या मुलीला म्हणाल्या. "माझ्या हाताला अजून काय असेल सांगता येत नाही."

सूनबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मुलगा सासूबाईंना म्हणाला, "आई, असं नका बोलू."

"कसं बोलू मग? सुताराकडे दोनदा जाऊन आले. तो म्हणतो, रंगात काही वाईट नव्हतं. तो म्हणणारच." मग त्या फोरमनकडे वळल्या. एरवी त्यांच्याशी दोन वाक्यं सरळ न बोलणारी बाई. "व्याहीबुवा, मला माफ करा. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, मी थट्टेवारी नेलं. एवढं जपलेलं तुमचं घर, आणि मी त्यात विष आणून ठेवलं."

त्यांनी हात जोडले.

आतल्या खोलीत व्हॅक्यूम चालूच होता. सूनबाई तो तसाच सोडून बाहेर आली होती.

"बंद कर ते," फोरमन म्हणाले.

"काय, बाबा?"

"ते मशीन बंद कर. आणि पुन्हा कुणी त्याला हात लावू नका." ते स्वतःच आत गेले, बटण बंद केलं, व्हॅक्यूम उचलून मागच्या अंगणात नेला, आणि सगळ्यांना दाराशी उभं राहायला सांगितलं. मुंगीला तिच्या बापाकडे द्यायला लावलं, लांब. मग फडकं ओलं करून त्यांनी नळी उपसली आणि तिचं आतलं तोंड फडक्याने पुसून फडकं समोर धरलं. पिवळं.

"घोडा लाल होता," ते म्हणाले. "निळा होता. पिवळा कुठे होता? हा दाराचा पिवळा आहे. सगळ्यांत खालचा हात. मी मशीन लावून काढला. कोरडा."

मग त्यांनी पुढचं सगळं सांगितलं. पहिली फळी ओली होती, बाकी सगळं कोरडं. व्हॅक्यूमला जोडलं होतं. फिल्टर काढला, परत बसवायचा विसरलो. नंतर समजलं, तेव्हा गुपचूप बसवला. किती दिवसांपूर्वी समजलं? महिन्याच्या वर झालं. हे शेवटचंही त्यांनी गिळलं नाही, सांगितलं.

मुलगा मुंगीला छातीशी धरून उभा होता. "तुम्ही," तो म्हणाला, आणि थांबला. "बाबा, तुम्ही लोकांचे हात बघायचात."

सूनबाईने ओरडायला हवं होतं. फोरमन त्याची वाट बघत होते. ती अगदी हळू म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुमच्या वतीने मी उत्तर दिलं होतं. मी. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही." मग ती आत गेली. थोड्या वेळाने कपाटं उघडल्याचे आवाज आले. ती आपलं आणि मुंगीचं काहीच भरत नव्हती, नुसती कपाटं उघडून बघत होती, की यातलं काय नेण्यासारखं उरलंय.

विहीणबाई अंगणातच होत्या. त्यांनी जोडलेले हात कधीच सोडले होते, पण ते कुठे ठेवायचे हे त्यांना समजत नव्हतं.

"तो घोडा तुम्हीच नेऊन टाकलात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी मान हलवली. मग जावयाकडे गेल्या आणि त्याच्या हातून मुंगीला आपल्या कडेवर घेतलं. सव्वा महिन्यात पहिल्यांदा. पोरीच्या डोक्यावरून त्या हात फिरवत राहिल्या आणि फोरमनकडे त्यांनी पाठ केली.

मंडळी तासाभरात गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिकडे पोचल्यावर ते कपडेही काढून टाकले, असं मुलाने फोनवर सांगितलं. पुढे कामाचं तेवढं तो बोलायचा. डॉक्टरीणबाईंनी ओळखीची माणसं पाठवली, त्यांनी गालिचा, गाद्या, सोफा, व्हॅक्यूम सगळं बांधून नेलं. रिकाम्या घरात फोरमन सकाळ-दुपार ओल्या फडक्याने भिंती, जमीन, चौकटी पुसत राहिले. घासायच्या मशीनचं खोकं त्यांनी त्या माणसांच्या गाडीत ठेवलं होतं, न सांगता. पोरांनी पैसे जमवून दिलेलं, म्हणून त्यांना तेवढं वाईट वाटलं.

महिन्याने मुलाचा फोन आला. "सतरा आलंय. उतरतंय." मग तो म्हणाला, "आई म्हणतात, बघायचं असेल तर या. रविवारी सकाळी."

फोरमन रविवारी सकाळी तीनदा हात धुवून निघाले. धुतलेले कपडे, धुतलेल्या चपला. विहीणबाईंच्या दाराची घंटा त्यांनी वाजवली. दार विहीणबाईंनीच उघडलं, पण त्या बाजूला झाल्या नाहीत. गळ्यातला शिवणकामाचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हात," त्या म्हणाल्या.

हे त्यांना कुणी सांगितलं असेल, मुलाने की सूनबाईने, हा विचार फोरमनच्या मनात आला आणि गेला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, पालथे. विहीणबाईंनी एकेक बोट धरून नखं बघितली, घाई न करता. मग म्हणाल्या, "उताणे." त्यांनी तळवे वर केले. आत शिवणाच्या मशीनजवळ सूनबाई उभी होती, ती बघत होती पण पुढे आली नव्हती.

तेवढ्यात विहीणबाईंच्या पायांमागून मुंगी बाहेर आली. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. तिने वर फोरमनच्या तोंडाकडे बघितलं, ओळखलं, आणि मग त्यांच्या उघड्या हातांकडे बघितलं. एका हातात नव्हतं म्हणून दुसऱ्यात बघितलं. दोन्ही रिकामे होते. तिने त्यांच्या मागे वाकून बघितलं, पायरीवर, जिथे पिशवी ठेवलेली असू शकली असती.

"घोया?" ती म्हणाली.

सूनबाईने तोंडावर हात घेतला. अडीच महिन्यांनी तो शब्द पोरीच्या तोंडून पहिल्यांदा आला होता. विहीणबाईंनी फोरमनचे हात सोडले आणि त्या बाजूला झाल्या, आत यायला वाट झाली. फोरमन मात्र तिथेच उभे राहिले, तळवे वर, कारण मुंगी अजून उत्तराची वाट बघत होती.